पिशवीवर कोंबडी लिहा

पावसाळा लागला की खाजवणारे कुत्रे घेऊन आलेल्या पालकांची आपल्या क्लिनिकबाहेर रांग लागते. यंदा वाचकांच्या पत्रांनीही तशीच रांग लावली. बहुतेक पत्रांत एकच गाऱ्हाणे आहे : "८ आठवडे लिमिटेड इन्ग्रेडियंट खाद्य दिले, फरक पडला नाही, म्हणून फूड ॲलर्जी बाद केली. पालक दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. तिथे घरच्या जेवणावर तेच कुत्रे बरे झाले. आमचे चुकले कुठे?"

चूक बहुधा पिशवीत होती.

माझ्याच टेबलावरची केस सांगतो. ४ वर्षांची लॅब्राडोर मादी. बारमाही खाज, दोन्ही कान आणि चारही पंजे लाल, वर्षात तिसऱ्यांदा मॅलेसेझिया. पिसवा आणि गोचीड आयसोक्साझोलीनने आवरलेले, स्क्रेपिंग स्वच्छ, पायोडर्मा सायटोलॉजी करून निस्तरलेला. जन्मापासून कोंबडी-भात खाणारी, म्हणून दर्शनी बाजूला ठळक अक्षरांत ‘लॅम्ब अँड राइस’ छापलेले खाद्य सुरू केले. घर शिस्तीचे, वरून बिस्किटाचा तुकडाही नाही. ८ आठवड्यांनी खाजेचा स्कोअर ७ वरून ६ वर आला. मी केसपेपरवर ‘ॲटोपी’ लिहिले आणि औषधे सुरू केली.

चार महिन्यांनी त्या बाईंनी रिकामी पिशवी माझ्यापुढे ठेवली आणि मागच्या बारीक मजकुरावर बोट टेकवले. तिथे ‘पोल्ट्री मील’ होते, ‘चिकन फॅट’ही होते. मग बोकडाचे मटण आणि रताळे, एवढ्या दोनच वस्तू घरच्या कुकरमध्ये शिजू लागल्या. सहाव्या आठवड्यात स्कोअर २. उकडलेली कोंबडी देऊन चॅलेंज केले, तिसऱ्या दिवशी पुन्हा ७. शेळी आणि मेंढी प्रथिनांच्या दृष्टीने जवळच्या. मटणावर ती बरी झाली, तेव्हा लॅम्बवर संशय घ्यायला फारसे कारण उरले नाही. मागची बाजू न वाचता मी चार महिने तिला चुकीच्या निदानावर ठेवले, याचे मला आजही वाईट वाटते.

तिथे निदान मागे छापलेले तरी होते. पुष्कळ पिशव्यांवर ‘मीट अँड बाय-प्रॉडक्ट्स’ किंवा ‘ॲनिमल प्रोटीन’ एवढेच असते. कुठल्या प्राण्याचे मीट, हे पालकाने आणि आपण कसे ओळखायचे? आणि जे छापले आहे तेही पुरे नाही. थिएरी ऑलिव्ह्री आणि राल्फ म्युलर यांनी २०१८ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा लेबलवर नसलेल्या प्राण्यांचे अंश अनेक खाद्यांत सापडल्याचे दिसले. ‘नॉव्हेल प्रोटीन’ म्हणून विकली जाणारी खाद्येही त्यातून सुटली नव्हती.

आता आपल्याकडचा कायदा पाहा. माणसांच्या बिस्किटपुड्यावर ‘गहू, दूध, सोया आहे’ असे छापावे लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांत ॲलर्जीकारक घटकांची यादीच दिलेली आहे. कुत्र्याच्या बिस्किटाला ती यादी लागू नाही, कारण २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ‘अन्न’ या व्याख्येतून पशुखाद्य वगळले आहे. मग उरतात वजनमापांचे नियम. २०११ चे पॅकेज्ड कमोडिटीज नियम निर्मात्याचा पत्ता, निव्वळ वजन, किंमत, महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी संपर्क मागतात. आत कुठल्या प्राण्याचे मांस आहे, हे मागत नाहीत. ३ किलोच्या पिशवीत १०० ग्रॅम कमी भरले, तर निरीक्षक कारवाई करू शकतो. लॅम्बच्या पिशवीत कोंबडी भरली, तर त्याच्याकडे त्यासाठी रकानाच नाही. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ११९६८ हे कुत्र्या-मांजरांच्या खाद्याचे मानक आहे, पण ते ऐच्छिक. आयात खाद्याला १८९८ च्या लाइव्हस्टॉक इंपोर्टेशन ॲक्टखाली परमिट लागते. ती तपासणी बाहेरचे रोग देशात शिरू नयेत म्हणून आहे आणि ती हवीच. ॲलर्जीशी तिचा संबंध नाही. पालक ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, पण पिशवीत कोंबडी होती हे सिद्ध करण्याचा भार शेवटी त्याच्याच डोक्यावर येतो.

आम्ही विचारणा केली. एका कार्यालयाने दुसऱ्याकडे पाठवले, दुसऱ्याने "हे आमच्या अखत्यारीत नाही" म्हणून पहिल्याकडे. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हा गुरांचे आणि कोंबड्यांचे खाद्य करमुक्त राहिले आणि किरकोळ विक्रीच्या कुत्र्या-मांजरांच्या खाद्यावर १८ टक्के कर बसला. म्हणजे कर लावताना सरकारला हे खाद्य वेगळे धरता आले. मग लेबल ठरवताना तेच वेगळेपण धरायला अडचण काय आहे, हे संबंधित अधिकाऱ्यांनी लेखी सांगावे.

सगळा दोष सरकारवर आणि कारखान्यांवर टाकून आपली सुटका नाही. पत्रांबरोबर आलेले केसपेपर मी वाचले आहेत. एका ट्रायलच्या चौथ्या आठवड्यात जंताची फ्लेवर्ड गोळी दिली आहे. दुसऱ्यात गोचिडांसाठी च्युएबल, तिसऱ्यात चिकनच्या चवीचे टूथपेस्ट. त्या चवीत काय आहे हे कुणी तपासले? काही सभासद अजून दर तीन-चार आठवड्यांनी डेपो स्टेरॉइड टोचतात आणि त्याला उपचार म्हणतात. काही जण रक्ताचा ‘ॲलर्जी पॅनेल’ पाठवतात आणि आलेल्या यादीवरून पालकाला निम्मे स्वयंपाकघर बंद करायला लावतात. अन्नाच्या ॲलर्जीसाठी रक्तातल्या आयजीई चाचणीवर विसंबता येत नाही, हे आता पुरेसे स्पष्ट आहे. केस आणि लाळेच्या चाचण्यांची तर गोष्टच सोडा. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा चाचणीसाठी कृत्रिम केसही पाठवले होते, आणि त्यांच्याही ‘ॲलर्जी’ निघाल्या. पालकाचा पैसा अशा कागदावर घालवणे आता थांबले पाहिजे.

तिसरी चूक पुस्तकी आहे. २०१६ च्या आढाव्यात २९७ कुत्र्यांपैकी ३४ टक्क्यांना बीफची, १७ टक्क्यांना दुधाची, १५ टक्क्यांना कोंबडीची, १३ टक्क्यांना गव्हाची आणि ५ टक्क्यांना लॅम्बची ॲलर्जी होती. हा क्रम पाठ करून आपल्या पेशंटला लावू नका. जे आजवर पोटात गेले, त्याचीच ॲलर्जी होते. आपल्या राज्यात २०१५ पासून गोवंशाच्या कत्तलीवर बंदी आहे. इथला कुत्रा कोंबडी, अंडी, दूध-पोळी आणि दहीभातावर वाढतो. शाकाहारी घरातला तर मांसाचा तुकडाही न चाखता दूध आणि गव्हावर. म्हणून आधी आहाराचा इतिहास घ्या, बिस्किटांसकट, शेजाऱ्यांनी घातलेल्या घासांसकट. आणि क्रॉस-रिॲक्शन विसरू नका. बीफ, लॅम्ब आणि गाईचे दूध यांच्यात ती दाखवली गेली आहे, कोंबडी आणि मासे यांच्यातही. कोंबडीवर संशय असताना बांगडा देऊन ‘नवे प्रथिन’ सुरू केले असे समजू नका.

पिशवीवर भरवसा ठेवता येत नाही तोवर ट्रायल पातेल्यातच करायची. एक प्रथिन, एक पिष्ट : बोकडाचे मटण आणि रताळे, किंवा घरी मटण शिजत नसेल तर पूर्वी न खाल्लेला राजमा आणि बटाटा. हे तात्पुरते आणि प्रौढ कुत्र्यासाठी. वाढत्या पिल्लाला असे दोन वस्तूंवर ठेवू नका. हायड्रोलाइज्ड खाद्य परवडत असेल आणि ८ आठवडे खंड न पडता मिळत असेल, तर तेही चालेल, पण त्याचे मूळ प्रथिन कोणते हे पाहूनच. ५ आठवड्यांत ८० टक्क्यांहून अधिक आणि ८ आठवड्यांत ९० टक्क्यांहून अधिक ॲलर्जिक कुत्री सुधारतात, म्हणून तिसऱ्या आठवड्यात हात टेकू नका. खाज असह्य असेल तर सुरुवातीला प्रेडनिसोलोन द्या, पण ते थांबवल्यावर खाज परतते का, ते पाहूनच पुढचे ठरवा. आणि चॅलेंजशिवाय निदान नाही. डाएटवर बरे झाले म्हणजे डाएटमुळेच बरे झाले असे नसते. मधल्या काळात पाऊसही संपलेला असतो.

घरातल्या प्रत्येकाला समोर बसवून समजवा. आजी गुपचूप पोळी देते, मुलगा बिस्किट देतो, वॉचमन पाव टाकतो. त्या सगळ्यांचे आठ आठवडे सांभाळायचे आहेत.

आता एक काम, आणि ते प्रत्येक सभासदाने करायचे आहे. फसलेल्या ट्रायलमधल्या प्रत्येक पिशवीच्या दोन्ही बाजूंचे फोटो, बॅच नंबर, आधीचा-नंतरचा स्कोअर आणि चॅलेंजचा निकाल पुढच्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत संपादकीय कार्यालयाकडे पाठवा. पालकाचे नाव नको. त्यातून आपण तीन मागण्या पशुसंवर्धन विभाग, मानक ब्युरो आणि ग्राहक व्यवहार खात्यापुढे मांडणार आहोत. खाद्यातल्या प्रत्येक मांसाच्या आणि चरबीच्या पुढे प्राण्याचे नाव असावे. ‘सिंगल प्रोटीन’ किंवा ‘हायपोॲलर्जेनिक’ लिहिणाऱ्याने बॅचनिहाय तपासणीचा पुरावा ठेवावा. आणि च्युएबल औषधाच्या वेष्टनावर त्याची चव कशापासून आली, ते छापावे.

पुराव्याशिवाय गेलो, तर पुन्हा दोन कार्यालयांच्या मध्ये उभे राहू. दोनशे पिशव्यांचे फोटो घेऊन गेलो, तर "आमच्या अखत्यारीत नाही" हे लेखी द्यावे लागेल, आणि लेखी दिलेले उत्तर वर नेता येते. त्या बाईंनी ज्या ओळीवर बोट ठेवले, ती शोधण्याचे काम पालकावर सोडू नका. उद्या सकाळी पहिली खाजेची केस येईल, तेव्हा तिच्यासोबत खाद्याची रिकामी पिशवीही मागवून घ्या.