धावत्या वर्णनाचा धंदा

गेल्या मे महिन्यात मी इंदूरला मामांकडे गेलो होतो. इंदूरहून परतलेला माणूस सराफ्यातल्या खाण्याचे वर्णन केल्यावाचून राहत नाही. पण मला सांगायचे आहे ते होळकर स्टेडियममधल्या एका खोलीविषयी. तिथल्या कॉमेंटरी बॉक्सला सुशील दोशी यांचे नाव दिले आहे. मैदानांना राजेमहाराजांची आणि पुढाऱ्यांची नावे असतात, स्टँडला खेळाडूंची असतात. नुसते बोलणाऱ्याचे नाव मी तरी दुसरीकडे वाचलेले नाही.

दोशी इंदूरचेच. शिकले इंजिनिअरिंग आणि आयुष्य घालवले हिंदीतून क्रिकेटचे धावते वर्णन करण्यात. खेळपत्रकारितेवर त्यांनी पुस्तकही लिहिले. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात इंदूरला पहिला कसोटी सामना झाला!

मामा म्हणाले, "अरे, आमच्या घरात बोलणं मराठी, पण क्रिकेट हिंदीत. ट्रान्झिस्टर लागला की आजीसुद्धा हिंदीतून ओरडायची." मला हे फार महत्त्वाचे वाटते. या शहरात क्रिकेटची जाण जुनी. सी. के. नायडूंच्या होळकर संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. ऐकणारे जाणकार असले की बोलणाऱ्याला आणि लिहिणाऱ्यालाही धार येते. 'नई दुनिया'त घडलेले आणि पुढे 1983 मध्ये 'जनसत्ता'चे संपादक झालेले प्रभाष जोशी याच शहरातले. 5 नोव्हेंबर 2009 रोजी हैदराबादला सचिनने 175 धावा केल्या, तरी भारत तीन धावांनी हरला. तो सामना पाहिल्यावर त्याच रात्री जोशींना मृत्यू आला. राजकारणावर लिहिणारा एवढा मोठा संपादक, पण क्रिकेटवर लिहिण्यात त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

आपल्याकडे काय? वि. वि. करमरकरांनी 'महाराष्ट्र टाइम्स'मधून खेळाच्या बातमीला मराठीत मानाचे पान मिळवून दिले, आणि कबड्डी-खोखोलाही क्रिकेटच्या पंक्तीला बसवले. 2023 मध्ये ते गेले. पुण्याचे बाळ पंडित आकाशवाणीवरून मराठीत क्रिकेट सांगत. आमच्या वर्गात मी ही दोन नावे घेतली, तेव्हा करमरकर एकाला ठाऊक होते, पंडित कोणालाच नाहीत.

हे काम सोपे आहे असे पुष्कळांना वाटते. 1997 च्या नाताळच्या दिवशी इंदूरच्या नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका सामना खेळपट्टी धोक्याची म्हणून तीन षटकांतच सोडून द्यावा लागला. अशा वेळी मैदानावर खेळ नाही, हातात माईक आहे आणि गावोगाव माणसे कान लावून बसली आहेत. आता बोला! पाठ केलेले भाषण इथे उपयोगाचे नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. यंदाच्या स्नेहसंमेलनात कबड्डीचे वर्णन मी अर्धे मराठीत, अर्धे कानडीत केले. माझी शाळा मराठी. कानडी गल्लीत खेळताना शिकलो. 'चढाई'ला कानडी शब्द ऐनवेळी सुचेना, म्हणून 'रेड' म्हणून वेळ मारून नेली. पुढच्या रांगेतले आमचे कानडीचे सर हसले. मग एका पकडीच्या वेळी मी इतका रंगलो की गुण सांगायचाच राहिला, आणि लोक गुणफलकाकडे माना वळवून पाहू लागले. वर्णन करणाऱ्याची याहून मोठी नाचक्की नाही.

वडील म्हणतात, "आधी सी.ए. हो, मग काय बडबडायचे ते बडबड." कॉमर्सचा विद्यार्थी या नात्याने मला त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. रेडिओवरचे वर्णन ही बहुधा कराराची, सामन्यापुरती कमाई. महिन्याचा पगार नव्हे. दोशींच्या खिशातही इंजिनिअरिंगची पदवी होतीच. पण 2023 च्या आय.पी.एल.मध्ये मोबाईलवर मराठी आणि कन्नड दोन्ही भाषांत वर्णन होते, हेही मी वडिलांना दाखवले. ते दहा मिनिटे ऐकून म्हणाले, "हा विनोद सांगतोय की मॅच?" खरे सांगायचे तर माझ्यापाशी उत्तर नव्हते. मागणी आहे, पण माल तयार करणारा कारखाना कुठेच नाही, असे माझे मत आहे.

आपल्या कॉलेजात वक्तृत्वाला ढाल आहे, वादविवादाला ढाल आहे. तिथे विद्यार्थी पाठ करून येतात आणि परीक्षक घड्याळ पाहतात. समोर घडते ते त्याच क्षणी शुद्ध भाषेत, गुण न चुकवता सांगणे ही स्पर्धा का असू नये? पुढच्या आंतरवर्गीय सामन्यांत एक डाव मराठीत, एक डाव कानडीत असे वर्णन विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे, ते ध्वनिमुद्रित करावे, आणि दोन्ही विभागांच्या सरांनी मागाहून चुका काढाव्यात. खर्च जवळजवळ शून्य, माईक आहेच.

तसा अर्ज मी क्रीडा समितीकडे दिला आहे. कानडी विभागातील माझ्या मित्राचीही त्यावर सही आहे. 'चढाई'ला कोणता शब्द वापरायचा, यावर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही.