मागच्या सीटवरही डोकेच असते

पावसाचा जोर ओसरला की परळ, लालबाग, काळाचौकी, शिवडी या भागांतून रविवारी पहाटे मोटरसायकलींचे तांडे बाहेर पडू लागतात. कुठे चार-पाच मित्र असतात, कुठे नुकतेच लग्न ठरलेले जोडपे, तर कुठे दोघा नवराबायकोच्या मध्ये बसवलेले पोर. सायन-पनवेल रस्ता, वाशीची खाडी, कर्नाळ्याची खिंड, पेण, वडखळ आणि मग अलिबाग. ज्यांची हौस मोठी ते रेवदंड्याचा पूल ओलांडून काशीद-मुरूडपर्यंत जातात. द्रुतगती मार्गावर दुचाकींना बंदी असल्यामुळे काहीजण जुन्या हमरस्त्याने खोपोलीवरून खंडाळ्याचा घाट चढतात. आपल्या जिल्ह्यातील वाचकांना ही मंडळी चांगली परिचयाची आहेत. टपरीवर चहा पिणारी, धबधब्याशी फोटो काढणारी आणि संध्याकाळी घाईघाईने मुंबईकडे परतणारी.

माझा दवाखाना परळला आहे. त्यामुळे मला ही मंडळी भेटतात ती सोमवारी. कोणाची कंबर धरलेली असते, कोणाला लघवीची जळजळ, कोणाचा गुडघा खरचटलेला. क्वचित एखाद्या घरातून कोणी वेगळीच बातमी घेऊन येते. असल्या बातमीत एक गोष्ट मला अनेकदा आढळली आहे. चालवणाऱ्याच्या डोक्यावर हेल्मेट होते, मागे बसलेल्याच्या डोक्यावर नव्हते. आजचा लेख त्यासाठीच आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ही भटकंती बंद करा, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरने प्रत्येक आनंदावर काट मारायची ठरवली तर लोक त्याचे ऐकणे सोडून देतात आणि ते योग्यच आहे. शिवाय आमच्या भागाची अडचण मला ठाऊक आहे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात तीन पिढ्या राहिल्या. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागोमाग बंद पडत गेले. गिरणी कामगाराचा नातू आज कुरियर वाटतो, घरोघर जेवणाचे डबे पोचवतो किंवा मॉलमध्ये दहा तास उभा असतो. आठवड्याचे सहा दिवस मोटरसायकल त्याचे पोट भरते, सातव्या दिवशी तीच त्याला मोकळा श्वास देते. डोंगर, समुद्र, वारा आणि आवडत्या माणसाशी दोन शब्द बोलायला मिळालेला एकांत यांचा मनाला होणारा उपयोग कोणत्याही गोळीपेक्षा कमी नाही. तेव्हा जावे, जरूर जावे. पण जितकी माणसे गेली तितकी धडधाकट परत यावीत, एवढेच माझे मागणे आहे.

आता हेल्मेटविषयी. हेल्मेट नेमके काय करते हे फार थोड्यांना ठाऊक असते. वरचे कठीण कवच मार पसरवते आणि टोकदार वस्तू आत शिरू देत नाही. खरे काम मात्र आतला थर्मोकोलसारखा जाड थर करतो. आदळताना तो चेपतो आणि धक्का स्वतः गिळतो. कवटीच्या आत मेंदू एखाद्या भांड्यातल्या दह्यासारखा असतो. भांडे एकदम थांबले तरी दही पुढे जाऊन काठावर आपटते. भांडे फुटले नाही तरी आतले दही मोडते. म्हणून बाहेर जखम नसतानाही माणूस दगावू शकतो. हेल्मेटचा थर हे थांबणे किंचित सावकाश करतो आणि तेवढ्यावरच पुष्कळदा जीव वाचतो. हा थर एकदा जोरात चेपला की पुन्हा फुगत नाही. म्हणून अपघातात सापडलेले हेल्मेट वरून कितीही चांगले दिसले तरी ते टाकून द्यावे.

या ज्ञानाचा इतिहास एका मोटरसायकलवेड्या माणसाशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात अरबस्तानच्या वाळवंटात लढलेला टी. ई. लॉरेन्स पुष्कळांना १९६२ च्या ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या चित्रपटामुळे माहीत आहे. वाळवंटात उंटावरून तो निभावून गेला. पुढे मे १९३५ मध्ये इंग्लंडमध्ये, आपल्या घराजवळच्या साध्या रस्त्यावर, सायकलवरच्या दोन मुलांना चुकवताना तो मोटरसायकलवरून फेकला गेला. डोक्यावर हेल्मेट नव्हते. सहा दिवस बेशुद्ध राहून वयाच्या ४६ व्या वर्षी तो वारला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यचिकित्सक होते. या मृत्यूनंतर त्यांनी मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि १९४१ मध्ये हेल्मेटचे महत्त्व सांगणारा लेख प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश लष्कराने आपल्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. पुढे जगभरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेण्यात आला. त्यात असे दिसले, की हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. इतका गुण देणारी आणि एकदाच विकत घ्यावी लागणारी औषधे माझ्या कपाटात फार थोडी आहेत.

आपल्या देशाचे आकडे पाहा. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली. त्यांपैकी हेल्मेट न घातलेले ५० हजार २९ होते, आणि या ५० हजारांत १४ हजार ३३७ जण मागे बसलेले होते. हे मागे बसलेले म्हणजे कोण? बायको, बहीण, आई, धाकटा भाऊ, मित्र. वेग त्यांच्या हातात नाही, ब्रेक त्यांच्या पायाखाली नाही. समोरचा खड्डाही त्यांना दिसत नाही, त्यामुळे सावरून बसण्याची संधीसुद्धा मिळत नाही. ज्याच्या हातात काहीच नाही त्यालाच आपण उघड्या डोक्याने बसवतो. लाखभर रुपयांची गाडी हप्त्याने घेणारा माणूस दुसऱ्या हेल्मेटचे पैसे वाचवतो. त्यात मला काटकसर दिसत नाही. मागच्या माणसाचा आपण मुळी विचारच केलेला नसतो.

कायदाही या बाबतीत भेद करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाप्रमाणे चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही हेल्मेट आवश्यक आहे, तेही पट्टा बांधून. चार वर्षांवरील मुलेही त्यात येतात. १ जून २०२१ पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवण्यास व विकण्यास मनाई आहे. तरीही रस्त्याच्या कडेला टोपीसारखी हलकी हेल्मेटे टांगलेली दिसतात. ती पोलिसाला दाखवण्यापुरती असतात, डांबराला ती फसवू शकत नाहीत.

हेल्मेटविरुद्धची गाऱ्हाणी मी नेहमी ऐकतो. पुण्यात जानेवारी २०१९ मध्ये सक्ती झाली तेव्हा तर विरोधात आंदोलनही झाले. उकडते, हे खरे आहे. त्यासाठी तासाला पाच मिनिटे थांबावे. केस गळतात म्हणतात, पण पुरुषांचे टक्कल बहुधा आईवडिलांकडून येते, हेल्मेटकडून नव्हे. आत पातळ सुती रुमाल बांधावा आणि तो रोज धुवावा. मान दुखते ती बहुधा मापाचे हेल्मेट नसल्यामुळे. डोके हलवल्यावर हेल्मेट मागेपुढे सरकू नये आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात दोन बोटे जातील इतकीच जागा असावी. ‘अंबाडा आहे, हेल्मेट बसत नाही,’ असे आमच्या भगिनी सांगतात. त्यांनी त्या दिवसापुरती खाली सैल वेणी घालावी. ओढणी किंवा पदर मात्र कमरेशी घट्ट खोचावा. चाकात ओढणी अडकून माणूस खाली खेचला जातो तेव्हा गाडीचा वेग फारसा असावाच लागत नाही.

दुसरा मुद्दा परतीचा. परळहून अलिबाग साधारण शंभर किलोमीटर आणि तिथून मुरूड आणखी पन्नासच्या घरात. म्हणजे जाऊन-येऊन तीनशे. पहाटे चारला उठायचे, दिवसभर उन्हात व समुद्रात खेळायचे, दुपारी भरपेट मासे-भात खायचा आणि मग तीन वाजता गाडीला किक मारायची. दुपारी दोन ते चार या वेळेत शरीर आपोआप सुस्तावते. जेवण आणि अपुरी झोप यांनी ती सुस्ती वाढते. ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. डोळा एक सेकंद मिटला तर तेवढे अंतर गाडी कोणाच्याही देखरेखीशिवाय कापते. एक बाटली बिअरने काही होत नाही, असे मानणाऱ्यांना मी विचारतो, की मागे बसलेल्या माणसालाही ते मान्य आहे का? सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते हेही ध्यानात ठेवावे. शनिवारी रात्री अशी गोळी घेतली असेल तर रविवारी गाडी दुसऱ्याने चालवावी.

यावर उपाय साधा आहे. जायचे ठिकाण ठरवण्याआधी परत घरी पोचण्याची वेळ ठरवावी आणि तीही उजेडातली असावी. मुरूड एका दिवसात उरकत नसेल तर किहीम-अलिबागवर समाधान मानावे. मार्च २०२० पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली. तीत मोटरसायकल चढवता येते. हवामान आणि वेळापत्रक पाहून निदान एक फेरी बोटीने करावी. तासभर पाठीला विसावा मिळतो आणि वडखळचा ताण वाचतो. तिकिटाला लागणारे पैसे मी औषधाच्या खर्चात धरीन.

पाणी पिण्याबद्दल दोन शब्द. वाटेत स्वच्छतागृह मिळत नाही म्हणून विशेषतः स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. त्यातून लघवीचा जंतुसंसर्ग होतो, डोके दुखते, चक्कर येते. पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असते. तिथे ठरवून थांबावे आणि थोडे थोडे पाणी पीत जावे. पायात चपला घालू नयेत, बूट घालावेत. पहिल्या सरींत रस्त्यावरचे तेल आणि धूळ मिसळून निसरडे होते, तेव्हा पंधरा-वीस मिनिटे आडोशाला थांबणे शहाणपणाचे.

आता आपल्या जिल्ह्यातील वाचकांशी मला वेगळे बोलायचे आहे. ही पोरे पडली तर त्यांच्यापाशी प्रथम धावते ते परळचे कोणी नसते. रस्त्याकडेचा शेतकरी, टपरीवाला, शाळेतले गुरुजी धावतात. १९२६ पासून परळला के. ई. एम. रुग्णालय आहे, पण काशीदच्या वळणावर पडलेल्याला ते फार दूर. त्याचे पहिले रुग्णालय म्हणजे तुमचे दोन हात. म्हणून एवढे लक्षात ठेवा. पहिला फोन १०८ ला करावा. ही रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून मिळते. पडलेल्याला ओढून उठवू नये, मान वळवू नये. तो श्वास घेत असेल तर हेल्मेट काढू नये, पुढची काच तेवढी उघडावी. श्वास बंद असेल किंवा उलटीने गुदमरत असेल तरच एकाने मान आणि हनुवटी स्थिर धरावी व दुसऱ्याने हेल्मेट हळू सरळ ओढावे. रक्त वाहत असेल तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरावे. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालू नये. तहान लागली असेल या मायेने घातलेला घोट श्वासनलिकेत जातो.

आणखी एक धोका सांगतो, कारण तो फसवा आहे. काही वेळा डोके आपटलेला माणूस शुद्धीवर येतो, कपडे झटकतो, चहा पितो, ‘काही झालं नाही’ म्हणतो. दोन-चार तासांनी त्याचे डोके ठणकू लागते, उलट्या होतात, ग्लानी येते. कवटीच्या आत रक्त साचत असते. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर असा माणूस पूर्ण बरा होऊ शकतो, उशीर झाला तर हाती काही उरत नाही. म्हणून क्षणभरही शुद्ध हरपली असेल तर त्याला पुन्हा गाडीवर बसू देऊ नका, जवळच्या रुग्णालयात पाठवा.

पोलिसांचे लचांड मागे लागेल ही भीती आता बाळगू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम मान्य केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने १३४ अ हे कलम कायद्यात आले. मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी योजना जाहीर केली आहे. तीत ठरवून दिलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता होऊ शकतात. जखमीच्या नातेवाइकांना फोनवर हे जरूर सांगा.

येत्या रविवारी तुमच्या घरातले कोणी गाडी बाहेर काढत असेल तर दारात उभे राहून दोन हेल्मेटे मोजा. तिसरे लहान मूल असेल तर त्याला गाडीवर मुळीच बसवू नका. त्याला एस. टी. ने न्या, तेही तितक्याच आनंदाने समुद्र पाहील. आणि दुसरे हेल्मेट घरात नसेल, तर त्या रविवारी दादरला जाऊन ते विकत आणा. अलिबाग पुढच्या रविवारीही तिथेच असेल.