जाणाऱ्या खेळाडूंचें ऋण

खेळांचा हंगाम संपून परीक्षेचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे शाळेच्या मैदानावर एक बदल होतो. पण तो फारसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. कालपरवांपर्यंत रोज सायंकाळीं दिसणारे कांहीं चेहरे दिसेनासे होतात. दहावीच्या वर्गांतील हे खेळाडू अभ्यासाला लागलेले असतात. आपला शेवटचा सामना कोणता, हें त्यांस ठाऊक असतें. पाहणाऱ्यांस तें ठाऊक नसतें. पुढें परीक्षा होते, जूनमध्यें शाळा पुन्हां भरते आणि त्यांच्या जागीं दुसरीं मुलें उभीं राहतात. तीन-चार वर्षें ज्यांनीं शाळेचें नांव अंगावर वागविलें, ते असे न बोलतां निघून जातात. त्यांचा सामना पाहून आनंदानें ओरडणाऱ्या आम्हां प्रेक्षकांवर त्यांचें कांहीं ऋण आहे कीं नाहीं, आणि असल्यास तें केव्हां व कसें फेडावें, याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे.

विजयाच्या वेळीं आपण कौतुकांत कमी पडत नाहीं. सांगलीच्या माधवनगरांत लहानाची मोठी झालेली स्मृति मानधना ही ज्या संघाची उपकर्णधार होती, त्या भारतीय महिला संघानें २ नोव्हेंबर २०२५ रोजीं क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. साताऱ्याच्या अदिति स्वामीनें २०२३ सालीं बर्लिन येथें, वयाच्या सतराव्या वर्षीं, धनुर्विद्येंत जागतिक अजिंक्यपद मिळविलें. या दोघींचा अभिमान आमच्या दोन्ही जिल्ह्यांस वाटावा, हें योग्यच आहे. परंतु विजय स्वतःच्याच तोंडानें बोलत असतो. त्याची वार्ता सर्वत्र पोहोंचते आणि टाळ्या आपोआप वाजतात. शाळेच्या संघांतून खेळून गेलेल्या शेंकडा नव्वदांहून अधिक मुलांच्या वांट्याला असा विजय कधीं येत नाहीं. त्यांनीं केलेल्या सेवेची आठवण ठेवण्यास आपणांवांचून दुसरें कोणी नसतें.

बास्केटबॉलच्या खेळाचेंच उदाहरण घेऊं. हा खेळ डॉ. जेम्स नेस्मिथ या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकानें १८९१ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें, यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणसंस्थेंत, शोधून काढिला. बाहेर कडक हिंवाळा होता आणि वर्गांतील अठरा तरुणांस आंतल्या आंत खेळतां येईल असा खेळ हवा होता. त्यानें सज्जाच्या कठड्याला दहा फूट उंचीवर पीच फळांच्या दोन टोपल्या अडकविल्या, दोन्ही बाजूंस नऊ नऊ गडी उभे केले आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लाविले. त्यांतील एक नियम असा कीं, चेंडू हातीं घेऊन कोणीं धांवूं नये. जेथें तो झेलला तेथूनच तो दुसऱ्याकडे टाकावा. पुढें चेंडू जमिनीवर आपटीत नेण्याची मोकळीक आली, गडी पांच झाले आणि टोपलीचें कडें झालें. पण खेळाचा जन्मस्वभाव बदलला नाहीं. आपल्याजवळचें दुसऱ्यास देणें, हा त्या खेळाचा पाया आहे.

आम्ही प्रेक्षक मात्र चेंडू कड्यांतून खालीं पडला म्हणजेच टाळी वाजवितों. तो चेंडू नेमक्या क्षणीं योग्य हातांत कोणीं दिला, समोरच्या गड्याची वाट कोणीं अडवून धरिली, आपला नेम साधण्याची संधि असतां ती सोडून अधिक चांगल्या जागीं उभ्या असलेल्या सोबत्याकडे चेंडू कोणीं टाकिला, हें आमच्या ध्यानांत राहत नाहीं. शिवाय कांकड्यावर बसून राहणारे, दिवसेंदिवस सराव करून अखेरचीं दोनच मिनिटें मैदानांत उतरणारे गडीही संघांत असतातच. सरावाच्या वेळीं त्यांनीं समोर उभें राहून मुख्य पांच जणांस तयार केलेलें असतें. गुणफलकावर त्यांचें नांव कधींच येत नाहीं.

या बाबतींत एक जुनी हकीकत फार बोलकी आहे. विजय हजारे हे सांगलीचे. त्यांचा जन्म ११ मार्च १९१५ रोजीं तेथें झाला. वडील शाळामास्तर, घरीं आठ भावंडें, आणि शिक्षण सांगलीच्याच मिशनच्या औद्योगिक शाळेंत. भारतानें आपला पहिला कसोटी विजय फेब्रुवारी १९५२ मध्यें मद्रास येथें मिळविला, तेव्हां संघाचे कर्णधार हेच होते. त्यापूर्वीं, १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यांच्या अंतिम लढतींत, मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर, ते ‘रेस्ट’ संघाकडून हिंदु संघाविरुद्ध खेळले. दुसऱ्या डावांत संघाच्या एकंदर ३८७ धांवा झाल्या. त्यांपैकीं ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. हा आंकडा क्रिकेटचे चाहते आजही सांगतात. परंतु त्या डावांत एका जोडीनें ३०० धांवांची भागी केली होती, आणि त्या भागींत दुसऱ्या टोंकास उभे असलेले त्यांचे बंधू विवेक हजारे यांच्या धांवा होत्या अवघ्या २१. ते तासांमागून तास खेळपट्टीवर उभे राहिले. ते बाद झाले असते, तर भावाचा तो पराक्रम घडलाच नसता. इतकें होऊनही ‘रेस्ट’ संघ तो सामना हरला.

हरलेल्या सामन्यांतील २१ धांवा! कोणत्या पारितोषिकाच्या यादींत त्यांस जागा मिळावी? आणि तरीही, खेळ जाणणाऱ्या माणसानें त्या मैदानावरून घरीं जातांना ज्याचे आभार मानावयास हवे होते, असा गडी विवेक हजारे हाच होता. प्रत्येक शाळेच्या प्रत्येक संघांत असा एखादा विवेक असतो. तो दहावी होऊन निघून जाण्यापूर्वीं आपण त्यास ओळखलें पाहिजे.

‘जाण्यापूर्वीं’ हा शब्द मी मुद्दाम योजितों. कृतज्ञतेला वेळ असते, आणि ती वेळ टळली म्हणजे मोठा मानही अपुरा पडतो. सातारा जिल्ह्यांतील कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गांवचे खाशाबा जाधव यांचें चरित्र या दृष्टीनें विद्यार्थ्यांनीं अवश्य वाचावें. ते कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिकले आणि पुढें कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत गेले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें ते कुस्तींत सहावे आले. १९५२ सालीं हेलसिंकीस जावयाचें तर पैसा हवा होता. गांवच्या लोकांनीं यथाशक्ति वर्गणी गोळा केली; आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे करून दिले. पदक अद्यापि स्वप्नांतही दिसत नव्हतें, तेव्हां या माणसांनीं आपला विश्वास प्रत्यक्ष कृतींत उतरविला. खाशाबांनीं कांस्यपदक जिंकिलें. स्वतंत्र भारताचें तें पहिलें वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते परत आले तेव्हां शंभरांहून अधिक बैलगाड्या त्यांच्या मिरवणुकींत होत्या. खाशाबांनींही ऋण ओळखिलें. कुस्त्यांचे फड भरवून त्यांच्या उत्पन्नांतून त्यांनीं प्राचार्यांचें घर सोडविलें.

येथवरची कथा वाचतांना छाती भरून येते; पुढची वाचतांना मान खालीं जाते. १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत फौजदार झाले, आखाडा मागें पडला आणि हळूहळू लोक त्यांस विसरले. १९८४ सालीं अपघातांत त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला तो २००० सालचा, म्हणजे मृत्यूनंतर सोळा वर्षांनीं. खेळाडूनें मैदान सोडिलें त्या घडीला त्याचें ऋण मान्य झालें नाहीं, तर तें पुढें केव्हां होईल याचा भरंवसा नसतो, हें या एका चरित्रावरून स्पष्ट दिसतें.

कोणी म्हणेल कीं, निघून जाणाऱ्यांचा गौरव करण्याची ही चाल परकी आहे. अमेरिकेच्या महाविद्यालयांत ती आहे खरी. तेथें हंगामांतील घरच्या मैदानावरील अखेरच्या सामन्याच्या दिवशीं, शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंस एकेक करून नांवानें पुकारितात. त्यांचे आईबाप त्यांच्याबरोबर मैदानावर येतात आणि सारें प्रेक्षागृह उभें राहून त्यांस मान देतें. परंतु आमच्या कृष्णाकांठच्या जत्रांतील आखाडे पाहा. कुस्ती जिंकून फडांत फिरणाऱ्या मल्लाच्या हातीं प्रेक्षक आपल्या खिशांतील पैसे ठेवितात. आणि ज्यानें कुस्ती सोडून वर्षें लोटलीं, अशा वृद्ध वस्तादास फेटा बांधून, नारळ देऊन फडांत मानानें बसवितात. मग ही चाल परकी कशी? खेड्यांतील अशिक्षित म्हणविला जाणारा प्रेक्षक जें जाणतो, तें शाळेंतील सुशिक्षित प्रेक्षकानें विसरूं नये, इतकेंच.

दुसरा आक्षेप पालकांचा असतो, आणि तो आदरपूर्वक ऐकिला पाहिजे. खेळापायीं अभ्यास बुडतो. त्यांत पुन्हां गौरव केला तर मुलाच्या डोक्यांत वारें शिरेल, अशी त्यांस भीति वाटते. पोकळ स्तुतीनें डोकें फिरतें, हें मला मान्य आहे. ‘तूं फार मोठा खेळाडू आहेस’ असें म्हणण्यानें मुलाचें हित होत नाहीं. पण ‘संघ हरत असतां तूं पंचांशीं हुज्जत घातली नाहींस’, ‘तीन वर्षें रोज सरावाआधीं मैदान झाडून रेघा आंखल्यास’, ‘नव्या मुलांस पास देण्यास शिकविलेंस’, असें नेमकें काम सांगून आभार मानिले, तर गर्व कशाचा होणार? उलट आपण केलेलें काम कोणीं तरी पाहिलें, या समाधानानें तो मुलगा अधिक शांत मनानें पुस्तकाकडे वळेल. क्रीडागुणांची सवलत ठराविक स्पर्धांपर्यंत पोहोंचणाऱ्यांसाठीं आहे. जे तेथवर पोहोंचले नाहींत, त्यांच्या श्रमांची पावती म्हणजे आपले दोन शब्द.

वार्षिक संमेलनांत बक्षिसें असतातच, मग हें निराळें कशाला, असाही प्रश्न निघेल. बक्षिसें विजयास असतात, आणि तीं बहुधा कर्णधाराच्या हातीं पडतात. येथें प्रश्न सेवेचा आहे. म्हणून माझी सूचना अशी कीं, प्रत्येक खेळाच्या हंगामांतील अखेरचा सामना कोणता, हें आधींच जाहीर करावें. त्या दिवशीं सामना सुरू होण्यापूर्वीं, म्हणजे जय कीं पराजय हें ठरण्याच्या आधीं, शाळा सोडून जाणाऱ्या प्रत्येक गड्यास नांवानें पुढें बोलवावें. राखीव गडी, गुण लिहून ठेवणारा आणि चेंडू सांभाळणारा यांसही वगळूं नये. प्रत्येकाविषयीं एकच खरें वाक्य बोलावें, आणि तें वर्गशिक्षकांनीं नव्हे, तर त्याच्याच संघांतील धाकट्या खेळाडूनें बोलावें. आईवडिलांस आमंत्रण असावें; पहांटे उठून डबा करणारी, घामट कपडे धुणारी आई त्या मानाची वांटेकरीण आहे. आणि प्रतिपक्षाच्या संघांतही कोणी शेवटचा सामना खेळत असेल, तर त्याच्यासाठीं तितक्याच मोठ्यानें टाळ्या वाजवाव्या. या सर्वांस दहा मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाहीं, व खर्च तर कांहींच नाहीं.

हा निरोप शाळेच्या संघाला असावा, खेळाला नसावा, हें येथें स्पष्ट केलें पाहिजे. मुलींच्या बाबतींत तर तें विशेष खरें आहे. कारण दहावीबरोबर मुलीचा खेळ संपला, असें अनेक घरांत धरून चालतात. माण तालुक्यांतील मोही या लहानशा गांवची ललिता बाबर २०१६ सालीं रिओ ऑलिंपिकमध्यें तीन हजार मीटरांच्या स्टीपलचेस शर्यतीच्या अंतिम फेरींत धांवली. तिच्या घरच्यांनीं तिचें धांवणें शाळेबरोबर थांबविलें असतें, तर ती तेथवर कशी पोहोंचती? सर्वच मुली ऑलिंपिकला जाणार नाहींत. पण अंगांत बळ आणि मनांत धीर सर्वांसच हवा. म्हणून पालकांस विनंती कीं, मुलीच्या शेवटच्या सामन्यास या, आणि पुढेंही तिच्या खेळासाठीं दिवसांतील एक तास राखून ठेवा.

विद्यार्थिमित्रहो, मैदानाच्या कडेला उभें राहून सामना पाहणें हेंही एक काम आहे, आणि तें चांगलें करतां आलें पाहिजे. पुढच्या सामन्यांत चेंडू कड्यांतून पडेल तेव्हां टाळी वाजवाच. पण तो चेंडू कोणाच्या हातून आला, इकडेही लक्ष द्या, आणि त्याचें नांव घ्या. आणि तुम्हीं जे यंदा जाणार आहांत, तुम्हांस एवढेंच सांगावयाचें: जाण्यापूर्वीं एक दिवस मैदानावर या, आणि आपल्या जागीं उभ्या राहणाऱ्या धाकट्या गड्यास ती जागा कशी सांभाळावी हें दाखवून द्या. तुम्हीं दिलेला शेवटचा पास तोच. तो झेलणारे हात येथें तयार आहेत, आणि तो कोणीं दिला हें आम्ही विसरणार नाहीं.