बॉम्बने खोदलेलं तळं वर्गात कसं सांगायचं?

शिक्षक मित्रहो, शीतयुद्धाचा पाठ आपण कसा घेतो? दोन गट, करार, सनावळी आणि शेवटी 'टिपा लिहा'. व्हिएतनाम एखाद्या ओळीत उरकतो. शेजारचा लाओस तर नकाशात शोधावा लागतो. माझ्या मते त्या लाओसमधलं एक तळं दाखवलं, तर मुलांना युद्ध जास्त कळेल.

तिथल्या शियांगखुआंग प्रांतात शेतांमध्ये गोल गोल तळी दिसतात. आपली मुलं पटकन म्हणतील, "सर, शेततळी!" काही तळ्यांत खरोखरच मासे पाळतात. पण ती जेसीबी लावून खोदलेली नाहीत. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून जास्त बॉम्ब टाकले. विमानांच्या फेऱ्या सुमारे ५ लाख ८० हजार. फळ्यावर भागाकार करायला लावा. नऊ वर्षं, रात्रंदिवस, सरासरी दर आठ मिनिटांना एक फेरी! आणि लाओसविरुद्ध युद्ध जाहीरसुद्धा केलेलं नव्हतं.

आता इथे आपण घसरतो. "बघा मुलांनो, निसर्गाने जखम कशी भरून काढली," असं म्हणून मोकळे होतो. ऐकायला गोड आहे, पण मला ते पटत नाही. तळं दिसतं ते फुटलेल्या बॉम्बचं. न फुटलेले दिसत नाहीत, ते मातीतच आहेत. क्लस्टर बॉम्बमधून तिथे सुमारे २७ कोटी छोटे बॉम्ब विखुरले गेले आणि त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत, असा अंदाज आहे. आकार चेंडूएवढा. लोक त्यांना 'बोंबी' म्हणतात. कुदळ लागली, वर शेकोटी पेटली, की स्फोट होऊ शकतो. मुलं तर खेळणं समजून उचलतात. अशा जमिनीत नवा खड्डा खणणं म्हणजे जिवाशी खेळ. मग आयता खड्डा कोण सोडेल? मासे पाळण्यामागे ही अडचणही आहे, हे सांगितल्याशिवाय तळ्याचा फोटो दाखवू नये.

काही पालक म्हणतील, एवढ्याशा मुलांना हे कशाला? पाचवी-सहावीला आकडे नका सांगू, हरकत नाही. नुसता फोटो दाखवा आणि विचारा, हा खड्डा इतका गोल कसा? लाओसमध्ये मात्र वयाचा विचार करायची सोय नाही. तिथे प्राथमिक शाळेतच बोंबी ओळखायला आणि हात न लावता मोठ्यांना सांगायला शिकवतात.