धूळ म्हणजे नुसती माती नव्हे!

सोलापूरच्या सात रस्त्याच्या चौकात दुपारी पंधरा मिनिटे उभे राहा आणि पांढऱ्या रुमालाने तोंड पुसा. रुमालावर जो डाग उठतो त्याला आपण ‘धूळ’ म्हणतो आणि विसरून जातो. माझे म्हणणे असे, की विसरण्यापूर्वी या डागाची चौकशी केली पाहिजे.

त्यातला काही भाग खरोखरच मातीचा. सोलापूरची जमीन दख्खनच्या काळ्या कातळाची, म्हणजे बेसाल्टची. त्यात सुमारे निम्मी सिलिका. शिवाय ॲल्युमिनियम, लोह, कॅल्शियम यांची संयुगे. हे कण बहुधा जाड असतात व पुष्कळसे नाकाघशातच अडकतात.

दुसरा भाग धुराचा. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाड, तर डिझेलच्या काजळीचा कण मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाएवढा! कार्बन आणि त्याला चिकटलेली अर्धवट जळालेली सेंद्रिय द्रव्ये घेऊन तो थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतो.

तिसरा भाग झिजेचा. टायरमधून जस्त, ब्रेकमधून लोह, तांबे, बेरियम. विजेची गाडी धूर सोडत नाही, पण तिचेही टायर झिजतातच.

इंधन सुधारले, हे खरे. 2000 सालापासून देशात शिसेविरहित पेट्रोल आले. एप्रिल 2020 पासून इंधनातील गंधक दशलक्षात 10 भागांवर आणले गेले. पण जे रस्त्यावर बसले आहे त्याचे काय? ते प्रत्येक चाकाबरोबर पुन्हा उडते. आणि पहाटे कोरड्या खराट्याने रस्ता झाडणाऱ्या मावशींच्या छातीत सर्वांत आधी जाते.

2019 च्या राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात सोलापूरचे नाव आहे. हवेतील 10 मायक्रॉनपर्यंतच्या कणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम. पण हे झाले केवळ वजन. 60 मायक्रोग्रॅम माती आणि 60 मायक्रोग्रॅम काजळी सारखीच कशी मानायची? म्हणून वजनाबरोबर रासायनिक पृथक्करणही नियमित व्हावे आणि त्याचे आकडे लोकांना कळावेत. कण कोठून आले हे कळल्यावाचून उपाय सापडणार कसा?

तोवर एक गोष्ट करता येईल: झाडण्यापूर्वी रस्ता ओला करावा. “उजनीचे पाणी आम्हांला पिण्याला पुरेना, रस्त्यावर कसले ओतता?” असे कोणी विचारील, आणि ते रास्तच आहे. त्यासाठी शुद्ध केलेले सांडपाणी वापरावे.

आणि तुम्ही? दोन पोस्टकार्डांना व्हॅसलीन लावा. एक हमरस्त्यालगत, एक शाळेच्या मागच्या अंगणात दिवसभर ठेवा. मग दोन्ही भिंगाखाली पाहा व गुरुजींना दाखवा. त्या काळ्या ठिपक्यांकडे पाहिल्यावर ‘नुसती धूळ’ असे तुम्ही पुन्हा म्हणणार नाही.