गवताळ रानाच्या वळणाचें घर

घर उंच असावें, दुरून दिसावें, ही हौस आपल्याकडे अलीकडे फार बळावली आहे. वैतरणेच्या कांठच्या गांवांतूनही जुनीं कौलारू घरें उतरवून त्यांच्या जागीं सपाट गच्चीचे मजले चढत आहेत. अशा वेळीं, ज्या शिकागो शहरानें गगनचुंबी इमारतींचा पाया घातला, तेथेंच एका स्थपतीनें घर मुद्दाम जमिनीलगत आडवें कसें पसरलें, ही हकीकत वाचकांस सांगावीशी वाटते.

हा स्थपति म्हणजे फ्रँक लॉइड राइट (१८६७–१९५९). शिकागोभोंवतालचा मुलूख मैलोगणती सपाट गवताळ रानाचा. त्याला तिकडे ‘प्रेअरी’ म्हणतात. त्या भूमीवरचें घरही तिच्यासारखेंच आडवें हवें, हा त्याचा आग्रह. १८९३ सालीं शिकागोस जागतिक प्रदर्शन भरलें (स्वामी विवेकानंदांचें भाषण गाजलें तें त्याच वर्षीं). त्यांत जपाननें एक लाकडी मंदिर उभारलें होतें. त्याच्या पसरट छपराचा ठसा राइटच्या कामावर उमटला, असें जाणते मानतात.

१९१० सालीं पुरें झालेलें फ्रेडरिक रोबी यांचें घर हा या पद्धतीचा सर्वांत नामांकित नमुना. विटा नेहमींपेक्षां लांबट व बारीक. आडवे सांधे फिक्या रंगाचे व खोल, उभे सांधे मात्र विटेच्याच रंगाचे. त्यामुळें भिंतीवरून नजर वर न चढतां आडवी धांवते. छप्पर शेवटच्या आधारापासून सुमारें २० फूट पुढें आलेलें असून त्याच्या पोटांत पोलादी तुळया आहेत. दिवाणखाना आणि जेवणघर यांमध्यें भिंत नाहीं. मधोमध फक्त शेकोटीचा ओटा. वळचणीचें माप असें धरलें आहे कीं, ऐन उन्हाळ्यांत दुपारचें ऊन दक्षिणेकडील काचेच्या दारांच्या पायथ्याशींच अडतें. हिवाळ्यांत सूर्य खालीं उतरला म्हणजे तेंच ऊन थेट आंत येतें.

आपल्याकडील वळचणीचें कारण निराळें. कारवीच्या कुडाला शेणमातीचा गिलावा. त्यास पावसाची झड लागली कीं भिंत विरघळलीच. म्हणून पडवीचें छप्पर इतकें खालीं आणीत कीं आंत शिरतांना पाहुण्यास आपोआप मान लववावी लागे! राइटनें उन्हाचा हिशेब केला, आमच्या सुतारानें पावसाचा. मात्र राइटचें उथळ उताराचें छप्पर जसेंच्या तसें इकडे आणूं नये. त्याचीं छपरें गळतात, अशी त्याच्या गिऱ्हाइकांचीच तक्रार असे. मग आमच्या आषाढांत त्यांचें काय होईल, हें सांगावयास नको.

या कामांत एका स्त्रीचा वांटा मोठा आहे, आणि तो फारसा सांगितला जात नाहीं. मेरियन माहोनी हिला १८९८ सालीं इलिनॉय राज्यांत स्थपतीचा परवाना मिळाला. असा परवाना मिळविणाऱ्या जगांतील पहिल्या स्त्रियांपैकीं ती एक. राइटच्या घरांचीं जीं चित्रें १९१० सालीं बर्लिनमध्यें प्रसिद्ध होऊन युरोपभर नांवाजलीं गेलीं, त्यांतील बरींच मूळ तिच्या हातचीं. तिचा पति वॉल्टर बर्ली ग्रिफिन हाही राइटच्याच कचेरींतला. पुढें तो विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या कामासाठीं १९३५ सालीं लखनौस आला, मागाहून तीही आली. आणि १९३७ सालीं तो तेथेंच वारला. त्याचें थडगें लखनौसच आहे.

रोबींस मात्र आपलें घर लाभलें नाहीं. वडिलांचें कर्ज डोक्यावर आलें, संसारही मोडला. अवघ्या चौदा महिन्यांत घर विकावें लागलें. १९२६ सालीं तें एका धर्मशिक्षणसंस्थेकडे गेलें. १९५७ सालीं विवाहित विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठीं तें पाडण्याचें ठरलें, तेव्हां नव्वदीच्या उंबरठ्यावरील राइट स्वतः तेथें जाऊन उभा राहिला. पुढल्या वर्षीं एका धनिक बांधकाम-व्यावसायिकानें तें विकत घेतल्यामुळें वांचलें. २०१९ सालीं तर युनेस्कोनें त्यास जागतिक वारशांत स्थान दिलें.

आपल्या घरांसाठीं कोणी धनिक येणार नाहीं, हें उघड आहे. वाशांस वाळवी लागली, कौलें शाकारावयास माणूस मिळेना, म्हणजे गृहस्थानें तरी काय करावें? ज्यांस घर उतरविणें भागच आहे, त्यांनीं आधीं जुन्या वळचणीची लांबी आणि जमिनीपासूनची उंची मोजून लिहून ठेवावी. आणि नव्या घराच्या दक्षिण व पश्चिम खिडक्यांवर निदान तीन फुटांचा छज्जा ठेवण्यास गवंड्यास बजावावें. तो दीड फुटावर भागवूं पाहील.