विटा कोणी पाडल्या?

अमेरिकेतल्या जुन्या मळेवाल्यांच्या हवेल्यांबद्दल रसिकांचा एक लाडका युक्तिवाद आहे: गुलामगिरी वाईटच, पण तिचं खापर वास्तुकलेच्या माथी कशाला? दक्षिण कॅरोलायनात, चार्ल्सटनजवळ ॲश्ली नदीकाठच्या ड्रेटन हॉलपुढे हे चटकन पटतं, कारण विटांची ही हवेली खरोखरच देखणी आहे. जॉन ड्रेटनने १७३८ साली जमीन घेतली. अठराव्या शतकाच्या मध्यास घर उभं राहिलं. दर्शनी बाजूला खांबांची दुमजली ओसरी, थेट वास्तुकार पॅलाडिओच्या वळणाची.

देखणेपण मान्य. पण मग नकाशाही वाचा. पाहुण्यांसाठी प्रशस्त दुहेरी जिना, राबणाऱ्यांसाठी आडबाजूचा अरुंद जिना आणि खाली तळघर. ताट वेळेवर यावं, आणणारा मात्र नजरेस पडू नये, ही सोय मूळ आराखड्यातलीच. आणि विटा? या किनारपट्टीत चिखल तुडवून विटा पाडायचं काम गुलामांचं, त्यात पोरंही आलीच. इथल्या जुन्या विटांत बोटांचे ठसे अजून सापडतात. कला एकीकडे नि अन्याय दुसरीकडे अशी वाटणी करणाऱ्यांनी ती वीट कोणाच्या वाट्याला घालायची, तेवढं सांगावं.

दुसरं कौतुक घराण्याचं: सात पिढ्या एकाच कुटुंबाकडे! दाराच्या चौकटीवर ड्रेटनांच्या मुलांच्या उंचीच्या खुणा आहेत. त्या पाहून कुणालाही बरं वाटेल. पण इथल्या गुलामांतल्या बोवेन्स कुटुंबाचं काय? आपले पूर्वज ड्रेटनांबरोबरच बार्बाडोसहून आले, असं ते सांगत आले. त्यांच्यातले १९०८ साली जन्मलेले रिचमंड बोवेन्स म्हातारपणी इथल्या फाटकाशी बसून येणाऱ्यांना आपल्या माणसांच्या हकिगती सांगत. आवारातल्या कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीत त्यांचीही माणसं आहेत. मग घराण्याचा इतिहास म्हणजे फक्त मालकांचा, हे कोणी ठरवलं?

'नुसत्या रिकाम्या खोल्या, ना फर्निचर ना दिवे' ही कुरकुर मात्र दोन ओळींतच निकालात काढतो. १९७४ साली घर राष्ट्रीय वारसा न्यासाकडे गेलं, तेव्हा ते सजवायचं नाही, आहे तसं टिकवायचं, असं जाणूनबुजून ठरलं. उत्तम झालं. झुंबरं लावली असती तर भिंतींकडे कोणी पाहिलं असतं?

फेरी आखायचं काम माझ्याकडे आलं, तर मी लोकांना आधी दफनभूमीत नेईन, मग तळघरात, आणि वरच्या दिवाणखान्यात त्या अरुंद जिन्यानेच चढवेन.